पंचनाम्यात न आलेला कुत्रा

तो प्रसंग मी विसरलेलो नाही. विसरायचा प्रयत्न मात्र पुष्कळ केला. नोकरीत असताना त्यासाठी एक सोयीची युक्तीही सापडली होती: ती केस मी यशस्वी तपासाचं उदाहरण म्हणून सांगत असे. शाळांच्या कार्यक्रमांत सांगितली, नव्याने भरती झालेल्या शिपायांना सांगितली. निरोप समारंभात एका सहकाऱ्याने तिचा उल्लेख केला तेव्हा मान खाली घालून हसलोही. आज सोलापुरात, सात रस्त्याजवळच्या माझ्या घरी बसून तीच केस पुन्हा लिहितो आहे, या वेळी जशी घडली तशी. कोणाचंही नाव लिहिणार नाही. माझं नाव जिथे असायला हवं त्या सगळ्या कागदांवर ते आहेच.

जिल्ह्याच्या पश्चिमेला, माळशिरस तालुक्याच्या बागायती पट्ट्यात मी एका पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. अशा ठाण्यावर नव्या साहेबाची ओळख करून घ्यायला पहिल्या आठवड्यात जे लोक येतात, त्यांत एक मोठे बागायतदार होते. कालव्याचं पाणी, नजर पोचेल तिथवर ऊस, बोलणं गोड. त्यांच्या बंगल्याच्या दिवाणखान्यात भिंतभर वाघाचा फोटो होता. स्वतः काढलेला. दर वर्षी उन्हाळ्यात ते चार-पाच मित्रांना घेऊन विदर्भातल्या एका व्याघ्र प्रकल्पात जात. पुढच्या वर्षी त्यांनी मलाही बोलावलं, आणि मी रजा टाकून गेलो. गाडी त्यांची, मुक्काम त्यांचा, जेवण त्यांचं. पोलीस अधिकाऱ्याने असं जाऊ नये हे मला माहीत नव्हतं, असं मी म्हणणार नाही.

जंगल मी पहिल्यांदाच पाहत होतो. पहाटे फाटकावर उघड्या जिप्सींची रांग, ओळखपत्रांची तपासणी, हातात वही घेतलेला वनरक्षक. आमचा गाइड पन्नाशीचा, किडकिडीत माणूस होता. तो फार बोलत नसे. एकदा हात वर करून त्याने गाडी थांबवायला लावली, इंजिन बंद करायला सांगितलं आणि म्हणाला, "सांबर ओरडलं जी. थांबा." आम्ही थांबलो. झाडावरची वानरं खोकल्यासारखी ओरडायला लागली, मग तीही गप्प झाली. आणि बांबूतून वाघीण बाहेर आली, तिच्यामागे दोन पिल्लं. ती आमच्याकडे न बघता रस्ता ओलांडून गेली. पिल्लांपैकी एक मध्येच बसलं, पंजा चाटला, आणि मग धावत आईच्या मागे गेलं.

माझ्या शेजारी बागायतदार रडत होते. खरोखरचे रडत होते. हात जोडून म्हणाले, "साहेब, जन्माचं सार्थक झालं. आई बघा, कशी पोरांना घेऊन चाललीय." मलाही भरून आलं. दोन पुरुष माणसं एकत्र रडली की त्यांच्यात एक जवळीक तयार होते. पुढे जे झालं त्यात या जवळिकीचा हात आहे, म्हणून हे सांगितलं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात, ऊसतोड जोरात सुरू असताना, सकाळी साडेसहाला ठाण्याचा फोन वाजला. फोन त्याच बागायतदारांचा.

"साहेब, वाईट झालं. आमच्या ओढ्यात बिबट्याची मादी मरून पडलीय. मेंढक्यानं विष घातलंय तिला. तुम्ही लगेच या, माणसं जमायला लागलीत."

मी वनविभागाला कळवलं आणि दोन कर्मचारी घेऊन निघालो. उसाच्या कडेने ओढा जात होता. मादी ओढ्याच्या काठावर पडली होती, तोंडाला फेस, चारही पाय ताणलेले. तिच्यापासून वीसेक पावलांवर अर्धवट खाल्लेली मेंढी होती, आणि मेंढीच्या मांसावर उसाला टाकतात त्या कीटकनाशकाचे बारीक दाणे स्पष्ट दिसत होते. ओढ्यापलीकडे, ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानात, सांगोल्याकडच्या एका मेंढपाळाची मेंढरं बसवलेली होती. आमच्याकडे ही जुनी रीत आहे. शेतकरी मेंढपाळाला बोलावतो, काही दिवस मेंढरं रानात बसवून घेतो, रानाला खत मिळतं, मेंढपाळाला धान्य मिळतं. हा मेंढपाळही बागायतदारांनीच बोलावलेला होता.

आणि तिथे आणखी एक मेलेलं जनावर होतं. मेंढीपासून थोडं पुढे, बोरीच्या झुडपात, एक तांबडा कुत्रा. त्याच्याही तोंडाला तसाच फेस. मेंढपाळ त्या कुत्र्याजवळ उकिडवा बसून त्याच्या अंगावरून हात फिरवत होता. गर्दी बिबट्याभोवती होती. कुत्र्याजवळ तो एकटाच होता.

माझ्याबरोबर एक जुने हवालदार होते. त्यांचं घराणं मेंढरं पाळणारं. भाऊ अजून मेंढरांमागे होता. त्यांनी कुत्र्याकडे पाहिलं, मेंढपाळाच्या तळाकडे पाहिलं आणि मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "सायेब, ज्यानं औषिद टाकलं त्यानं आधी आपली कुत्री बांधली असती. ह्याची तिन्ही कुत्री रातभर मोकळी हुती. मेंढक्या एक वेळ पोराला विसरंल, कुत्र्याला न्हाय."

साधी, सरळ गोष्ट होती ती. तपास तिथूनच दुसऱ्या दिशेला वळायला हवा होता. मी पंचनामा सांगायला सुरुवात केली तेव्हा बागायतदार माझ्या खांद्याशी उभे होते. कुत्र्यापाशी आलो तसे ते म्हणाले, "साहेब, कुत्र्याचं काय घेऊन बसलाय? कुत्री काय रोजच मरत्यात. वरनं फोन येतील आता, जनावराचं तेवढं बघा."

मी लेखनिकाला म्हणालो, "पुढचं घे."

पंचनाम्यात कुत्रा आला नाही. कोणी मला तसा आदेश दिला नव्हता. बागायतदारांनीही धमकी दिली नव्हती की विनवणी केली नव्हती. माझ्या मनात आरोपी ठरलेला होता आणि कुत्रा त्यात बसत नव्हता, एवढंच कारण. ज्या माणसाला मी वाघिणीसाठी रडताना पाहिलं होतं, त्याच्यावर संशय घ्यायचं मला सुचलंच नाही. मेंढपाळावर घ्यायला मात्र काही सुचावं लागलं नाही. त्याची मेंढी मेली होती, तो परमुलखातला होता, अंगठेबहाद्दर होता, आणि तो समोर होता.

त्याला चौकशीसाठी ठाण्यात आणलं. चौकशी मी स्वतः केली.

"मेंढी तुझीच ना?"

"व्हय. परवा रातच्याला नेली बिबट्यानं."

"आणि तू तिला ओढ्यात तशीच ठेवलीस. परत आणली नाहीस. का?"

"आनायची न्हाय सायेब. तिनं नेली ती तिची. तिथंच ऱ्हाऊ दिली की दोन दिस तीच खाती. काढून आनली की रातच्याला दुसरी नेती. आमचा बा बी असंच करायचा."

"राग आला नाही तुला?"

"आला की. लई आला. पर तिलाबी पिल्ली हायती. मी बघितल्याती उसात, दोन."

"विष कुठून आणलंस?"

"मला कशाला लागतंय ते? माजं रान कुटं हाय, पीक कुटं हाय? मेंढरं चरत्यात तितं कोन औषिद टाकंल सायेब? माजीच मेंढरं मरतील की."

त्याची प्रत्येक ओळ पटण्यासारखी होती. पण पटवून घ्यायची माझी तयारी नव्हती. दुपारपर्यंत वर्तमानपत्रांचे फोन आले. वरिष्ठांनी विचारलं, 'आरोपी मिळाला का?' मी सांगितलं, 'मिळाला आहे, कबुली बाकी आहे.' एकदा हे वाक्य तोंडातून गेलं की पुढचा तपास त्या वाक्यासाठी चालतो. नोकरीत अनेकांचं असं होताना मी पाहिलं होतं आणि त्यांना नावं ठेवली होती.

मी त्याला मारलं नाही. हे मी वर्षानुवर्षं अभिमानाने सांगत आलो. माझ्या ठाण्यात पट्टा चालत नाही, असं म्हणायचो. पट्ट्याची गरज पडली नाही, कारण मी त्याची मेंढरं आणवली.

गुन्ह्याशी संबंधित जनावरं म्हणून सगळा कळप चार शिपायांकरवी ठाण्याच्या मागच्या आवारात कोंडला. तिथे पकडलेले वाळूचे ट्रक आणि अपघातातल्या मोटारसायकली गंजत पडल्या होत्या. गवताची काडी नव्हती. पाण्यासाठी एक पिंप ठेवलं. मुद्देमाल रजिस्टरला या मेंढ्यांची नोंद नाही. स्टेशन डायरीलाही नाही. मेंढपाळाची खोली अशी होती की खिडकीतून आवार दिसायचं. ती खोली मीच निवडली होती.

मेंढरं पहिल्या दिवशी ओरडली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मोटारसायकलींच्या सीटवरचं रेक्झिन कुरतडायला सुरुवात केली. मेंढपाळाची बायको पाच किलोमीटर चालत फाटकावर आली होती. पहाऱ्यावरच्या शिपायाने तिला अडवलं. मी व्हरांड्यात उभा होतो. ती तिथूनच म्हणाली, "सायेब, मला आत घाला त्याच्यासंगं. पर मेंढरं सोडा. त्येंनी काय केलंय?" मी शिपायाला हात केला आणि आत गेलो.

हवालदार संध्याकाळी माझ्या टेबलापुढे येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "सायेब, माजी ड्युटी बंदोबस्ताला लावा. हितं नगं." मी त्यांना दुसऱ्या दिवशी नातेपुत्याच्या बाजाराला बंदोबस्तावर पाठवलं, आणि मनात म्हटलं, जातीची माणसं जातीकडेच ओढतात. हे वाक्य मी त्या वेळी फक्त मनात म्हटलं होतं. आज लिहिताना त्याची लाज वाटते, म्हणूनच लिहितो.

अटकेनंतर चोवीस तासांत न्यायालयात हजर करावं लागतं, म्हणून अटक कागदावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दाखवली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या खोलीत गेलो तेव्हा तो खिडकीचे गज धरून उभा होता. मागे न वळता म्हणाला, "सायेब, काय लिवायचंय ते लिवा. पर आदी फाटक उगडा."

मी म्हणालो, "आधी जबाब."

त्याने अंगठा उठवला आणि मग मी फाटक उघडायला लावलं. त्याची बायको मेंढरं घेऊन गेली.

पोलिसांपुढची कबुली न्यायालयात चालत नाही, हे आता सगळ्यांना माहीत असतं. वन अधिकाऱ्यासमोर दिलेला जबाब मात्र वन्यजीवांच्या कायद्याखाली पुरावा म्हणून पुढे येऊ शकतो. म्हणून त्याच दुपारी, न्यायालयात हजर करण्याआधी, वनविभागाच्या अधिकाऱ्यांनी त्याचा जबाब नोंदवला. त्या साहेबांनी सरळपणे विचारलं, "कोणाचा दबाव नाही ना?" मी समोरच्या खुर्चीत बसलो होतो. मेंढपाळाने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "न्हाय." कागदावर आलं: स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात माझा फोटो आला. बागायतदारांनी पेढे पाठवले.

त्याच आठवड्यात ओढ्याकाठचा त्यांचा उरलेला ऊस तुटायला लागला. तोडणी करताना मजुरांना सरीत बिबट्याची दोन पिल्लं सापडली. एक वाचलं नाही. दुसरं वनविभागाने नेलं. ते आता जन्मभर पिंजऱ्यात असेल. हे मी ऐकलं, वाईट वाटून घेतलं, आणि मेंढपाळाला आणखी एक शिवी दिली.

तो सात महिने कोठडीत होता. जामीन मिळाला तोवर माझी बदली झाली होती. खटला रेंगाळला, जसे रेंगाळतात. मी बढती घेतली, निवृत्त झालो.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी बागायतदारांचा फोन आला. "साहेब, आता तर रजेचीही भानगड नाही. चला जंगलात." आणि मी पुन्हा गेलो.

तेच फाटक, तशीच रांग. तोच गाइडही मिळाला. केस पांढरे झाले होते. या खेपेला बागायतदारांबरोबर त्यांचे दोन व्याही होते. दोघंही पहिल्यांदाच आलेले. सकाळच्या फेरीत काही दिसलं नाही. एका मोकळ्या जागी, जिथे गाड्यांना थांबायची परवानगी असते, आम्ही बरोबर आणलेली न्याहारी करत होतो. कडक भाकरी, शेंगाचटणी. एका व्याह्याने विचारलं, "दादा, तुमच्याकडं पण बिबटं आहेत म्हणं उसात?"

"होती," बागायतदार हसत म्हणाले. "एकीनं लई छळलं बघा. पिल्लं घालून बसली ऐन तोडीत. टोळीचा एक माणूस रानात पाय ठेवायला तयार नाही. कारखान्याची तोड आलेली, पाच दिवस टोळी नुसती बसून. पाळी गेली असती तर ऊस वाळून चिपाड झाला असता. वनवाले म्हणाले, पिल्लं मोठी होईस्तोवर थांबा. थांबा म्हणं."

"मग?"

"मग काय. मेंढक्या मेलेली मेंढी ओढ्यातच ठेवतोय, हे मुकादमाला ठाऊक होतं. म्हटलं जा, दोन मुठी टाकून ये." त्यांनी चटणीचा डबा माझ्याकडे सरकवला. "पुढचं सगळं आपल्या साहेबांनी निभावलं. म्हणून तर म्हणतो, साहेबांसारखा माणूस नाही."

त्यांना वाटत होतं की मला सगळं माहीत होतं. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की मी जाणूनबुजून त्यांना वाचवलं, आणि ही सहल, पेढे, दिवाळीचे फराळाचे डबे हे त्याबद्दलचं आभारप्रदर्शन होतं. मी भ्रष्ट नव्हतो, मूर्ख होतो, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की त्या मेंढपाळाला या दोहोंत काहीच फरक पडला नसता.

व्याही हसले. एक जण म्हणाला, "वाघ हितं बरा. घरी यायला लागला की अवघडच."

गाइड गाडीच्या बॉनेटपाशी उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो आमच्याकडे न बघता म्हणाला, "आमचं गाव इथंच होतं जी. जिथं तुम्ही भाकर खाऊन राहिले, तिथं आमच्या काकाचं घर होतं. वाघासाठी उठवलं आम्हाला. आम्ही उठलो." मग त्याने घड्याळ पाहिलं. "चला, वेळ झाली."

दुपारच्या फेरीत तळ्यावर वाघ दिसला. बागायतदारांनी हात जोडले, डोळे पुसले. ते ढोंग करत नव्हते, हेच मला असह्य होतं. तिकिटाच्या फाटकाआतला वाघ त्यांना देव होता. त्यांच्या सरीतली मादी ही तोडीतली अडचण होती. अशी माणसं मी त्यानंतर पुष्कळ पाहिली, सोलापुरातही. गाडीच्या मागच्या काचेवर वाघाचं चित्र लावतात, आणि घराशेजारच्या माळावर लांडगा दिसला की मला फोन करतात, 'साहेब, याचा काहीतरी बंदोबस्त करा.' पण या माणसांवर रागावण्याचा माझा हक्क फार थोडा आहे. मुकादमाने दोन मुठी टाकल्या. उरलेलं सगळं मी केलं.

आणि त्या दिवशी त्या गाडीत मी गप्प बसलो. हेही नोंदवलं पाहिजे. परत येताना आठ तास मी त्यांच्याच गाडीत बसून आलो.

पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीला घरी साक्षीचं समन्स आलं. खटला अखेर उभा राहिला होता आणि तपास अधिकारी म्हणून माझी साक्ष व्हायची होती. सरकारी वकिलांनी आदल्या दिवशी मला जुनी कागदपत्रं वाचायला दिली. सगळं माझ्याच शब्दांत होतं, वळणदार, नीटनेटकं. कुठेही कुत्रा नव्हता.

बायकोला मी रात्रीच्या जेवणाआधी सगळं सांगितलं. ती भाजी निवडत ऐकत होती. मग म्हणाली, "पेन्शनला काही होईल का?"

"होऊ शकतं. चौकशीही लागू शकते."

"मग लागू दे की," ती म्हणाली. "तुम्ही झोपेत फाटक फाटक करता. मला वाटायचं, जंगलाचं फाटक."

साक्षीच्या पिंजऱ्यात मी याआधी कितीतरी वेळा उभा राहिलो होतो. सरकारी वकिलांनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. पंचनामा तुम्ही केला का? हो. सही तुमची का? हो. मजकूर खरा आणि बरोबर आहे का?

मी म्हणालो, "नाही."

वकिलांना वाटलं मला ऐकू आलं नाही. त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला. मी सांगितलं की घटनास्थळी एक कुत्रा विषाने मेलेला होता, तो आरोपीचा होता, आणि मी तो पंचनाम्यात घेतला नाही. आरोपीच्या मेंढ्या मी दोन दिवस बेकायदा, चाऱ्याशिवाय कोंडून ठेवल्या, आणि त्या सोडण्याच्या अटीवर जबाब घेतला. वन अधिकाऱ्यांसमोरच्या जबाबाच्या वेळी मी समोर बसलो होतो. विष ज्याने टाकायला सांगितलं त्या माणसानेच हे स्वतःच्या तोंडाने मला सांगितलं आहे, आणि मी तसं लेखी द्यायला तयार आहे.

सरकारी वकिलांनी न्यायाधीशांकडे परवानगी मागितली आणि मला फितूर घोषित केलं. आयुष्यभर मी फितूर साक्षीदारांचा तिरस्कार केला. त्या दिवशी माझ्याच केसमध्ये तो शब्द माझ्यापुढे लिहिला गेला.

न्यायाधीश बाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "हे तुम्ही इतकी वर्षं का सांगितलं नाही?"

मी म्हणालो, "मला ते सोयीचं नव्हतं." त्यांनी ते तसंच टंकलेखकाला सांगितलं.

मेंढपाळ पुढे निर्दोष सुटला. बागायतदारांविरुद्ध मी वनविभागाकडे आणि पोलिसांकडे लेखी तक्रार दिली आहे. दोन्हीकडची पोच माझ्याकडे आहे. चौकशी चालू आहे, असं उत्तर दर वेळी मिळतं. हे उत्तर कसं देतात आणि त्याचा अर्थ काय असतो, हे मला कोणी शिकवायची गरज नाही; मीच ते शेकडो लोकांना दिलेलं आहे. तरी मी दर महिन्याला जातो. बागायतदार या उन्हाळ्यातही व्याघ्र प्रकल्पात गेले होते.

या केसने मला काय शिकवलं, असं कोणी विचारलं तर मी एवढंच सांगेन. पोलिसाने हात उचलला नाही म्हणजे तो सज्जन ठरत नाही. माणसाचा जीव कुठे अडकला आहे हे ओळखणं ही तपासातली मोठी विद्या आहे, आणि मी ती विद्या एका निरपराध माणसावर वापरली. आरोपी ठरवून पुरावा शोधणारा अधिकारी खोटा पुरावा तयार करतोच असं नाही. खरा दिसला की तो नुसता पुढचं घ्यायला सांगतो.

साक्ष झाल्यावर मी न्यायालयाच्या आवारात थांबलो होतो. मेंढपाळ आणि त्याची बायको भिंतीच्या सावलीत बसले होते. तो आता थकला आहे. मेंढरं राहिली नाहीत. खटल्याच्या काळात एकेक करून गेली. एका डाळिंबाच्या बागेत राखण करतो. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. काय बोलायचं ते ठरवून आलो होतो.

आधी तोच म्हणाला, "बसा सायेब. ऊन हाय."

मी खाली बसलो. त्याची बायको माझ्याकडे बघत होती. तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "आज कुत्र्याचं सांगितलंसा. मेंढरांचंबी सांगितलंसा. कोकरांचं न्हाय सांगितलंसा."

"कोणती कोकरं?"

"तळावरची. बारकी कोकरं आमी तळावरच ठिवतो, बांबूच्या डालग्याखाली. आया चरून आल्या की पाजायची. तुमच्या शिपायांनी आया तेवढ्या हाकून आनल्या. त्यास्नी काय म्हाईत? कोकरं तितंच." ती सावकाश, समजावून सांगितल्यासारखं बोलत होती. "दोन शेरडं हुती, त्येंचं दूध पाजलं. कुटं पुरतंय? तेच सांगाय मी फाटकावर आले हुते. म्हटलं सायबाला येकदा सांगते. पर तुमी आत गेलासा."

"किती होती?"

"अकरा."

मेंढपाळ जमिनीकडे बघत म्हणाला, "जाऊ दे आता."

"जाऊ दे कसं?" ती त्याला म्हणाली. "इचारतायत न्हवं ते."

मी परत आत जाऊ शकलो नसतो. माझी साक्ष संपली होती, तिच्यावर सही झाली होती, आणि बंद झालेल्या साक्षीत मागाहून काही भरता येत नाही. ती दोघं बसच्या वेळेला उठून गेली.

अकरा कोकरं. माझ्या आदेशावरून त्यांच्या आया दोन दिवस कोंडल्या गेल्या आणि ती भुकेने मेली. कोणत्याही पंचनाम्यात, डायरीत किंवा निकालपत्रात ही नोंद नाही. ती इथे करतो आहे.